मिश्रधातूंचे पृष्ठपरीक्षण : इलेक्ट्रॉन वर्णपटमापनाचे आकडे कितपत ग्राह्य?

रसौषधी सिद्ध करणाऱ्या आपल्या बांधवांच्या कपाटात पूर्वी फार तर राख, आम्लता व आर्द्रता यांचे अहवाल असत. आता तेथे क्ष-किरण विवर्तन, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि ‘एस्का’ अशा भारदस्त नावांच्या तपासण्यांचे कागद दिसू लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु कोणत्या उपकरणाने कोणता प्रश्न सोडवावा याचे भान नसेल तर चांगल्या उपकरणाचे खरे उत्तरसुद्धा माणसास चुकीच्या निर्णयाप्रत नेते. यांपैकी एस्का, म्हणजेच क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमापन, या पद्धतीचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. कांस्य, पित्तल ही मिश्रलोहे आपण पात्रांसाठी वापरतो, त्यांची भस्मेही करतो. त्यामुळे हा विषय केवळ पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांचा आहे असे समजून बाजूस सारता येत नाही.

या लेखास निमित्त घडले ते असे. आमच्या खुलताबाद परिसरातील एका फार्मसीधारक स्नेह्यांनी औषधनिर्मितीसाठी काशाच्या परातींची मोठी मागणी एका कासाराकडे नोंदविली. माल आला, वाजवून पाहिला, नाद तीक्ष्ण होता. पैसे चुकते करण्यापूर्वी ‘शास्त्रीय खात्री’ करावी म्हणून परातीच्या काठाचा एक तुकडा एका प्रयोगशाळेत एस्का तपासणीस धाडला. अहवालात आकडे आले ते कार्बन ४६, ऑक्सिजन ३३, तांबे १२ आणि कथिल ९ टक्के असे. स्नेही चक्रावले. काशात तांब्याचे आठ व कथिलाचे दोन भाग असावेत असे रसग्रंथ सांगतात. येथे तांबे जेमतेम बारा टक्के! कार्बन व ऑक्सिजन सोडून दिले तरी तांबे व कथिल यांचे प्रमाण ५७ : ४३ पडते. वजनात रूपांतर केल्यास तर कथिल तांब्याहूनही अधिक, म्हणजे सुमारे ५८ टक्के ठरते. कासाराने भलताच धातू गळ्यात मारला अशी त्यांची समजूत झाली व त्याचे पैसे अडकले. कासार हातावर पोट असलेला माणूस; त्याच्या चार पिढ्यांची पत एका कागदाने धोक्यात आली. तो कागद घेऊन दोघेही आमच्याकडे आले.

अहवाल खोटा नव्हता. प्रयोगशाळेचीही त्यात काही चूक नव्हती. तरीही कासार निर्दोष होता. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते हे समजण्यासाठी या पद्धतीचे अंतरंग थोडे पाहावे लागेल.

क्ष-किरण एखाद्या पदार्थावर पडले की त्यातील अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. आत येणाऱ्या किरणाची ऊर्जा ठाऊक असते. ॲल्युमिनियमचा स्रोत असेल तर ती १४८६.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची गतिज ऊर्जा उपकरण मोजते. या दोहोंच्या फरकातून, उपकरणाची एक लहानशी ठरावीक वजावट करून, तो इलेक्ट्रॉन अणूमध्ये किती घट्ट बांधलेला होता ते निघते. ही बंधनऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते. तांब्याचे मुख्य शिखर ९३२.६ च्या आसपास, जस्ताचे १०२२ जवळ, कथिलाचे ४८५ ते ४८७ च्या दरम्यान दिसते. शिवाय तोच अणू धातुरूपात आहे की ऑक्सिजन वा गंधकाशी संयोग पावला आहे यावर शिखर थोडेसे सरकते. हे सरकणे हाच या पद्धतीचा खरा अलंकार होय. स्वीडनमधील उप्साला येथे काई सीगबान यांनी ही पद्धती विकसित केली व त्याबद्दल त्यांना १९८१ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हिची बहीण शोभेल अशी दुसरी पद्धती ओझे इलेक्ट्रॉनांची आहे. पिएर ओझे या फ्रेंच शास्त्रज्ञाचे हे नाव. आपल्या मराठीतील ओझ्याशी त्याचा संबंध नाही, जरी त्याचे वर्णपट वाचताना कधीकधी तसे वाटते खरे. आपल्याकडे मुंबईची आयआयटी, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा अशा संस्थांतून एस्काचे काम झालेले आहे व पदार्थविज्ञानाच्या संशोधकांस ही पद्धती सुपरिचित आहे.

आता कळीचा मुद्दा. क्ष-किरण धातूत पुष्कळ खोलवर शिरतात, पण आत सुटलेला इलेक्ट्रॉन बाहेर येईपर्यंत वाटेतील अणूंशी टकरा देत आपली ऊर्जा गमावतो. ऊर्जा न गमावता जे बाहेर पोहोचतात तेच शिखरात मोजले जातात, आणि असे इलेक्ट्रॉन केवळ वरच्या पाच ते दहा नॅनोमीटर थरातील असतात. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात असते, यावरून या थराची कल्पना यावी. भाकरीचा पापुद्रासुद्धा या तुलनेत जाडजूड म्हणावा लागेल. दोन मिलिमीटर जाडीच्या परातीतील वरचा जो थर उपकरणाने पाहिला, त्याच्या खाली त्याच्या दोन लाखपट धातू न पाहिलेला राहिला.

शितावरून भाताची परीक्षा हा स्थालीपुलाकन्याय आपणां सर्वांस विदित आहेच. तो खरा ठरतो, कारण एका पातेल्यातील सर्व शिते सारखीच शिजलेली असतात. मिश्रधातूचा पृष्ठभाग मात्र त्याच्या पोटासारखा असतो असे गृहीत धरता येत नाही. किंबहुना तो बहुधा वेगळाच असतो.

प्रथम कार्बनचे घ्या. हवेत राहिलेल्या कोणत्याही धातूवर तेलकट कार्बनी द्रव्यांचा एक-दोन नॅनोमीटरचा लेप आपोआप बसतो. हात लागला, फडक्याने पुसले, तेलाचा वास जरी लागला तरी तो वाढतो. म्हणून अहवालातील ४६ टक्के कार्बन हा कासाराने मिसळलेला कोळसा नव्हे. तो जगातील बहुतेक प्रत्येक न घासलेल्या नमुन्यात येतो आणि प्रयोगशाळा त्याच्याच शिखराचा (२८४.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट) उपयोग मोजपट्टी जुळविण्यास करतात. पण हा लेप निरुपद्रवी नाही. तांब्याच्या मुख्य शिखरातील इलेक्ट्रॉन सुमारे ५५४ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने बाहेर येतात, तर कथिलाचे सुमारे १००० ने. कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लेपात अधिक अडतात. म्हणजे लेप तांब्यावर जास्त पडदा टाकतो आणि कथिलावर कमी.

हिशेब करून पाहू. लेप दोन नॅनोमीटरचा धरू. त्यातून ऊर्जा न गमावता जाण्याचे सरासरी अंतर तांब्याच्या इलेक्ट्रॉनांसाठी १.७ व कथिलाच्या इलेक्ट्रॉनांसाठी २.७ नॅनोमीटर धरू. तांब्याचे सुमारे ३१ टक्के इलेक्ट्रॉन पार होतील, कथिलाचे ४८ टक्के. परिणामी कथिल व तांबे यांचे गुणोत्तर दीडपटीहून थोडे अधिक फुगून दिसेल. खरोखर ८० : २० वजनाचे कांस्य असले तरी अहवाल कथिल २८ टक्के म्हणेल. धातूत काहीही न बदलता, केवळ बोटाच्या तेलकटपणाने, आठ टक्क्यांचा फरक पडला! शिवाय एस्काचे आकडे अणूंच्या संख्येचे असतात, वजनाचे नव्हेत. कथिलाचा अणू तांब्याच्या अणूच्या जवळजवळ दुप्पट जड (११८.७ विरुद्ध ६३.५) असल्यामुळे ८० : २० वजनाच्या काशात कथिलाचे अणू शंभरात बाराच भरतात. अहवालाच्या मथळ्याखाली बारीक अक्षरात अणुप्रमाण लिहिलेले असते, ते आपल्यापैकी किती जण वाचतात हे सांगणे कठीण आहे.

एवढ्याने ४३ टक्क्यांचा उलगडा होत नाही. उरलेला उलगडा कासाराच्या घासणीत सापडला. काशाचे भांडे चकचकीत करण्यासाठी ते चिंचेने घासतात, हे घराघरांत ठाऊक आहे. चिंचेतील आम्ल पृष्ठभागावरील तांब्याचे ऑक्साइड विरघळवून नेते. कथिलाचे ऑक्साइड त्यास दाद देत नाही व जागीच राहते. वारंवार घासलेल्या काशाच्या वरच्या पापुद्र्यात म्हणूनच कथिल भरपूर व तांबे विरळ होत जाते. परात पाठविण्यापूर्वी ती चिंचेने लखलखीत केलेली होती, कारण गिऱ्हाइकापुढे काळपट माल ठेवणे कासारास शोभत नाही. त्याची निगुतीच त्याच्या अंगाशी आली.

पृष्ठभाग वेगळा व पोट वेगळे याचे याहून सुंदर उदाहरण मराठवाड्यास परके नाही. बिदरचे बिदरी काम प्रसिद्ध आहे व आपल्या छत्रपती संभाजीनगरातही, शहर औरंगाबाद म्हणून ओळखले जाई तेव्हापासून, हे काम होत आले आहे. बिदरीचा धातू बहुतांशी जस्ताचा, नव्वद टक्क्यांच्या वर, आणि त्यात तांबे थोडेसे. घडविल्यावर तो करडा-पांढरा दिसतो. मग किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देऊन चोळतात. आपल्या साधारण रसांत गणलेला हाच तो नवसागर. क्षणात धातू काळाभोर होतो व त्यात जडविलेली चांदी शुभ्रच राहते. लेपाच्या क्रियेने पृष्ठभागातील जस्त निघून जाते, तांब्याचे प्रमाण वाढते व त्या तांब्याच्या संयुगांनी काळेपणा येतो. म्हणजे ज्या वस्तूच्या पोटात तांबे नाममात्र आहे तिच्या कातडीवर तेच मातब्बर आहे. एस्काने बिदरी सुरई तपासून ‘ही तांब्याची आहे’ असा निष्कर्ष कोणी काढील तर ते कासाराच्या परातीसारखेच होईल. पैठणीच्या सोनेरी जरीचेही तसेच. वरचा सोन्याचा मुलामा दहा नॅनोमीटरहून जाड असेल तर उपकरणास आतील चांदीचा पत्ताही लागत नाही. स्वर्णाचे म्हणून विकत घेतलेले वर्ख वा तार एस्काने ‘शुद्ध’ ठरवून कोणी भस्मासाठी घेऊ नये, हे यावरून उघड आहे.

प्राचीन वस्तूंच्या अभ्यासातही हाच पेच येतो. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबाद येथे १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार वजनदार धातुमूर्ती सापडल्या. त्यांच्या पृथक्करणात आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आढळले व त्या आकड्यावर त्यांच्या कालनिर्णयाची चर्चा रंगली. आर्सेनिकमिश्रित तांबे ओतल्यावर थंड होताना आर्सेनिक बाहेरच्या बाजूस झिरपून साठू शकते, ही गोष्ट धातुशास्त्रज्ञांस माहीत आहे. तेव्हा अशा ठिकाणी आकड्याइतकेच महत्त्व नमुना कातडीचा की पोटातला या प्रश्नास असते. असो.

पृष्ठभाग दूषित आहे तर तो सोलून खालचा धातू का पाहू नये, असे वाचक विचारतील. तशी सोय उपकरणात असते. आर्गॉन वायूचे आयन नमुन्यावर आदळवून थर उडवितात व उडविता उडविता मोजतात. परंतु हा उपाय स्वतःच नवे दोष आणतो. सर्व मूलद्रव्ये सारख्या वेगाने उडत नाहीत. पितळेवर आयनांचा मारा केला की जस्त तांब्याच्या आधी उडते व उरलेला पृष्ठभाग तांब्याने श्रीमंत झालेला दिसतो. दुसरे असे की, या माऱ्याने ऑक्साइडांतील ऑक्सिजनही निघून जातो. तांब्याचे काळे ऑक्साइड तांबड्या ऑक्साइडात व पुढे धातूत परत जाऊ शकते. म्हणजे सोलण्याच्या क्रियेनेच आतील स्थिती बदलते. धातूचा तुकडा कोरड्या, स्वच्छ हत्याराने खरवडून लगेच निर्वातात घालणे हा काही वेळा अधिक बरा मार्ग ठरतो, आणि धातूचे सरासरी प्रमाणच हवे असेल तर या उपकरणाकडे जाण्याचेच कारण नाही.

स्वच्छ, सपाट, एकजिनसी नमुना मिळाला तरी आकडा किती विश्वासार्ह? शिखराखालील क्षेत्रफळ मोजायचे, त्यातून पार्श्वभूमी वजा करायची, प्रत्येक मूलद्रव्याच्या संवेदनशीलतेच्या गुणकाने भागायचे व बेरीज शंभर करायची, असा हा हिशेब असतो. पार्श्वभूमीची रेघ कोठून कोठे ओढली, गुणक कोणत्या तक्त्यातले घेतले, ते त्या उपकरणासाठी पडताळले होते काय, यावर उत्तर बदलते. सत्तरच्या दशकात अमेरिकेत एकसारखे नमुने निरनिराळ्या प्रयोगशाळांना वाटून तुलना केली गेली. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत आकड्यांची तफावत मोठी निघाली. त्यानंतर ऊर्जेची मोजपट्टी पडताळण्यासाठी आयएसओ १५४७२ व संवेदनशीलता गुणकांसाठी आयएसओ १८११८ अशी आंतरराष्ट्रीय मानके आली व शिस्त पुष्कळ सुधारली. आजही सर्वसाधारण कामात आकड्याच्या दहा टक्के इकडेतिकडे एवढी अनिश्चितता धरणे शहाणपणाचे असते. वीस टक्के लिहिले असेल तर ते अठरा ते बावीस समजावे. अहवालात २१.३७ असे दोन दशांश असले की आपण प्रभावित होतो. ते दशांश संगणकाने दिलेले असतात. त्यांना धातूचा आधार नसतो.

काही शिखरे एकमेकांवर चढतात, हाही एक सापळा आहे. काशात पितळेची भेसळ असेल तर जस्ताचे ओझे शिखर ॲल्युमिनियमच्या स्रोतात नेमके कथिलाच्या जोडशिखराजवळ पडते. घामातील मिठाचे सोडियमही तेथेच डोके वर काढते. निष्काळजी संगणक सगळे कथिलाच्या खाती जमा करून टाकतो. स्रोत मॅग्नेशियमचा (१२५३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट) घेतला की ओझे शिखरे बंधनऊर्जेच्या पट्टीवर दुसरीकडे सरकतात व खरे कथिल तेवढे जागीच राहते. जाणत्या तंत्रज्ञास हे ठाऊक असते. आपण विचारावयास मात्र हवे.

आता भस्मांकडे वळू, कारण फार्मसीच्या जाहिरातींतून या पद्धतीचे नाव अधिक तेथेच येते. ताम्रभस्मात मुक्त तांबे उरले तर वांती, भ्रांती आदी दोष उद्भवतात, म्हणून ते उरले आहे की नाही हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. एस्काच्या मुख्य शिखरावर धातुरूप तांबे व तांबडे ऑक्साइड जवळजवळ एकाच जागी दिसतात. त्यांतील भेद ओझे शिखरावरून करावा लागतो. तेथे धातूचे शिखर ९१८.६ जवळ व तांबड्या ऑक्साइडचे ९१६.८ जवळ येते. हे पाहिल्याशिवाय ‘मुक्त तांबे आढळले’ वा ‘आढळले नाही’ हे दोन्ही शेरे निराधार होत. त्यातही भस्माचा कण मायक्रोमीटरभर असेल तर उपकरण त्याची साल पाहते. सालीत ऑक्साइड व गाभ्यात धातू असे असू शकते. निरुत्थ परीक्षेत भस्म चांदीसह तापवून चांदीचे वजन वाढते काय ते पाहतात. ती सर्व कणांची, गाभ्यासह, परीक्षा आहे. जुनी म्हणून ती कमी प्रतीची असे आम्हांस वाटत नाही.

पाऱ्याच्या कल्पांत अडचण आणखी वेगळी. हे मापन अत्युच्च निर्वातात होते. कज्जलीत संयोग न पावलेला पारा उरला असेल तर तो या निर्वातात मापनापूर्वीच उडून जाऊ शकतो. मग ‘मुक्त पारद नाही’ असा शेरा येतो व आपण निश्चिंत होतो! (उपकरण दूषित होते म्हणून अनेक प्रयोगशाळा असे नमुने घेण्यास नकार देतात, तो नकार योग्यच आहे.) शिवाय पाऱ्याचे शिखर व सिलिकॉनचे शिखर शंभर इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास शेजारी-शेजारी पडतात. खल दगडी असेल व मर्दन दीर्घकाळ झाले असेल तर खलाची झीज पाऱ्याच्या हिशेबात मिसळते.

परंतु सर्वांत गंभीर गैरसमज आहे तो शिशाचा. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे तीत म्हटले होते. त्या पाहणीवर आपल्या क्षेत्रात पुष्कळ वादळ उठले. पुढे १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. वनस्पतिज द्रव्यांसाठी मर्यादा शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष अशा आहेत. एस्काची पोच मात्र साधारणपणे हजारात एका अणूपासून शंभरात एका अणूपर्यंतची. हजारात एक म्हणजे दशलक्षात एक हजार. मर्यादेच्या कित्येकपट शिसे असले तरी हे उपकरण ‘आढळले नाही’ असेच म्हणेल, आणि ते त्याच्या परीने खरे बोलेल. एका पुरवठादाराने चूर्णाच्या पोत्यासोबत असा ‘शिसे : आढळले नाही’ शेऱ्याचा एस्का अहवाल जोडलेला आम्ही पाहिला आहे. त्या कागदाचा रुग्णाच्या सुरक्षिततेशी काडीचाही संबंध नाही. या कामासाठी नमुना आम्लात पूर्ण विरघळवून अणुशोषण वर्णपटमापन अथवा आयसीपी पद्धतीनेच तपासणी झाली पाहिजे, आणि अहवालावर पद्धतीचे नाव व तिची किमान पोच दोन्ही छापलेली असली पाहिजेत.

मग ही महागडी पद्धती आपल्या उपयोगाची नाहीच काय? तसे मुळीच नाही. जेथे प्रश्नच पृष्ठभागाचा असतो तेथे हिच्या तोडीचे दुसरे साधन क्वचितच सापडेल. पितळेच्या भांड्यात ताक कळकते म्हणून आपण कल्हई करतो. काढा, आसव, लेह हे सर्व कल्हईच्या वरच्या थरालाच स्पर्श करतात, खालच्या पितळेला नव्हे. कल्हईवाल्याने शुद्ध कथिलाऐवजी स्वस्त शिसेमिश्रित कथिल वापरले तर ते नेमके तेथेच असते, आणि अशा मिश्रणात शिसे टक्क्यांच्या घरात असल्यामुळे एस्कास ते सहज दिसते. तसेच यंत्रावर कातकाम केलेल्या पितळेच्या तोट्या, झडपा व जोड यांचे. काम सुलभ व्हावे म्हणून त्या पितळेत थोडे शिसे घालतात. ते तांब्यात विरघळत नाही, बारीक थेंबांच्या रूपाने वेगळे राहते व कातताना हत्याराच्या धारेखाली सारवल्यासारखे पृष्ठभागावर पसरते. पोटात दोन-तीन टक्के असलेले शिसे कातडीवर त्याहून पुष्कळ अधिक भरू शकते. काढ्याच्या टाकीला अशी तोटी बसविणाऱ्या फार्मसीने सरासरी पृथक्करणावर विसंबू नये; येथे पृष्ठपरीक्षण किंवा त्याहून सोपे म्हणजे त्या तोटीत रात्रभर आंबट द्रव ठेवून त्यातील शिसे मोजणे इष्ट.

काशाच्या वाटीने तळपाय घासण्याचा उपचार आपण सर्वच सांगतो. तुपात वा तेलात काळा रंग उतरतो व ‘उष्णता निघाली’ असे रुग्णास सांगितले जाते. पितळेचा वा तांब्याचा गडू फडक्याने जोर लावून पुसला तरी फडके काळे होते, तेथे कोणाची उष्णता निघत नाही. घर्षणाने निघालेले धातूचे अतिसूक्ष्म कण व स्नेह यांचा तो रंग आहे असे आमचे मत आहे. उपचाराचा गुण येतो तो येतो. त्यासाठी काळ्या रंगाची साक्ष काढण्याची गरज नाही. मात्र जे घासले जाते ते वाटीच्या पृष्ठभागाचेच द्रव्य असल्यामुळे त्यात शिसे नाही ना, हे पाहण्यास ही पद्धती उत्तम आहे.

आता परातीच्या खटल्याचा निकाल. आम्ही त्याच परातीस काठाजवळ बारीक भोक पाडावयास सांगितले. पहिला, वरचा कीस टाकून दिला व आतला कीस काचेच्या बाटलीत घेतला. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रसायनशाळेत जुन्या ओल्या पद्धतीने पृथक्करण केले. काशाचा कीस तीव्र नत्राम्लात टाकला की तांबे विरघळते व कथिल पांढऱ्या चोथ्याच्या रूपाने खाली बसते. तो गाळून, धुऊन, मुशीत लाल होईतो तापविला की कथिलाचे ऑक्साइड उरते. त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे ०.७८८ ग्रॅम कथिल असा हिशेब असतो. आपल्यातील कोणाही रसवैद्यास ही क्रिया परकी वाटू नये. कथिल एकवीस टक्क्यांच्या जवळ व तांबे अठ्ठ्याहत्तरच्या जवळ भरले. ग्रंथोक्त प्रमाणाशी ते जुळणारे होते. एवढे कथिल असलेले कांसे थंड असता ठोकले तर तडकते. ते लाल तापवून ठोकावे व पाण्यात विझवावे लागते. कासाराने हे सारे बरोबर केले होते म्हणूनच परातीस तो नाद आला होता. त्याचे पैसे त्याच आठवड्यात चुकते झाले.

ज्यांना यापुढे धातूचे नमुने धाडावयाचे असतील त्यांनी सोबतच्या पत्रात ‘तपासणी करून द्यावी’ एवढेच लिहू नये. पोटातील प्रमाण हवे की पृष्ठभागावरील, हे प्रथम लिहावे. पृष्ठभाग हवा असेल तर नमुना कशाने घासला, कशाने धुतला, किती दिवस उघडा होता हे कळवावे. तुकडा चिमट्याने उचलावा, प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी स्वच्छ काचेच्या कुपीत ठेवावा व त्यावर चिकटपट्टी लावू नये. अहवालात अणुप्रमाण की वजनप्रमाण, स्रोत कोणता, गुणक कोणत्या तक्त्यातले, आर्गॉनचा मारा केला असल्यास किती वेळ, आणि मूळ वर्णपटाचा आलेख, एवढे आग्रहाने मागावे. आलेख देण्यास जी प्रयोगशाळा तयार नसेल तिच्याकडे दुसरा नमुना धाडू नये.

पोटातील प्रमाण हवे असेल तर दोन ग्रॅम कीस पुरतो. भोक पाडताना तेल वापरू नये.